मोतीरामभाऊंचं नाक

मोतीरामभाऊंबद्दल मला फारच थोडं माहीत होतं, हे आधी सांगितलेलं बरं. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत होती आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दहा-अकरा वर्षं राहिलो. पण त्यांच्या वडिलांचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यांचं मूळ गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडे कुठेतरी होतं, नेमकं कोणतं ते मी कधी विचारलं नाही. त्यांचं वय मला अकोल्याच्या दवाखान्यात, पलंगाला लटकवलेल्या कागदावरून कळलं. माणूस रोज दिसतो म्हणून तो आपल्या ओळखीचा आहे असं आपण धरून चालतो. मी तरी तसंच धरून चाललो.

त्यातून माझा स्वभाव कमी बोलण्याचा. नांदुऱ्याच्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर माझी नोकरी झाली. मध्ये लोखंडी जाळी असायची आणि ती मला सोयीची वाटायची. मोतीरामभाऊ मला मास्तर म्हणत. मी पोस्टमास्तर नव्हतो, साधा कारकून होतो, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"आता पेन्शनीत कोन पाहून राह्यलं?" ते म्हणाले. "व्हा न मास्तर."

तेव्हापासून मी मास्तर झालो.

एक गोष्ट मात्र मला नीट माहीत होती, कारण ती सगळ्या गल्लीला माहीत होती. मोतीरामभाऊंना वास येत नसे. मोगऱ्याचा नाही, फोडणीचा नाही, घासलेटचा नाही. आणि तो वास परत यावा यासाठी म्हातारपणीही ते रोज झटत होते. बाकी कशाची त्यांनी कधी हाव धरलेली मी पाहिली नाही. एवढं एक नाक त्यांना परत हवं होतं.

त्यांची सगळी हयात गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेली. तेव्हा दिवाळीनंतर कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत यायची. हंगामभर विजेच्या तारांवर, कडुनिंबांवर, माणसांच्या भुवयांवर कापसाचं पांढरं पिंजण बसलेलं असायचं. आमच्या पोस्टात येणाऱ्या पाकिटांनाही रुईचे, म्हणजे साफ केलेल्या कापसाचे, तंतू चिकटलेले असत, मी ते बोटाने पुसून मग शिक्का मारायचो. भोंगा वाजला की पाळी सुटायची आणि रस्ता माणसांनी भरून जायचा. त्या गर्दीत मोतीरामभाऊ असणारच. कधी माझ्या खिडकीवर येऊन त्यांनी आंतर्देशीय पत्रही घेतलं असेल. मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नव्हतं. एवढी वर्षं एकाच गावात राहून आमची ओळख झाली ती दोघंही निवृत्त होऊन शेजारी घरं बांधली तेव्हा.

ते रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. एका लांबलचक छपरात असे कितीतरी रेचे एका ओळीत चालायचे आणि त्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. त्यामुळे जिनिंगमधली माणसं पुढे घरीही मोठ्यानेच बोलत. मोतीरामभाऊंनी घरात बायकोला कानात काही सांगितलं, तरी ते मला भिंतीपलीकडे कळायचं.

रेच्यापेक्षाही त्यांचं नाव होतं ते नाकासाठी. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला आणि रेच्यावर घासला की ठिणगी पडते. ती रुईत गेली की लगेच जाळ दिसत नाही. ती आतल्या आत धुमसते, सरकत जाते, आणि दिसते तेव्हा अर्धा ढीग गेलेला असतो. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मोतीरामभाऊंना ते धुमसणं धूर निघायच्या आधी वासावरून कळायचं. पाळी सुटताना मुकादम महादेवराव त्यांना हाक मारायचे, "मोत्या, फिर बे एक चक्कर." मग मोतीरामभाऊ ढिगांच्या मधून हळूहळू चालत जायचे, मान वर करून मध्येच थांबायचे. सगळं छप्पर त्यांच्याकडे बघत उभं राहायचं. त्यांनी हात हलवला की माणसं घरी जायची.

"तवा मी जवान होतो," ते सांगत. "अन् दोनशे मानसं माह्या नाकाची वाट पाहून राह्यली. साहेबबी उभा हाये, मुकादमबी उभा हाये. सांगा मास्तर, कोनाच्या नाकाले असा मान भेटला?"

"कोणाच्याच नाही," मी म्हणायचो.

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं असेल कोण जाणे. ते विचारायचे तेव्हा पहिल्यांदाच विचारत असल्यासारखे विचारायचे.

तो वास नेमका कधी गेला, ते त्यांना सांगता येत नसे. रुईचं बारीक पिंजण इतकी वर्षं नाकात जात होतं, हळूहळू गेला असेल. एका हंगामात त्यांच्या पाठीमागच्याच ढिगात आग धुमसत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. कापूस निवडणाऱ्या बायांमधल्या अंबूबाईंनी आधी ओरडा केला, मग वाळूच्या बादल्या आल्या. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी मोतीरामभाऊंना रेच्यावरून काढून अंगणात सरकीची पोती लादायला लावलं.

"त्यानं शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं," मोतीरामभाऊ म्हणाले होते. "काईच बोलला नाई. फक्त संध्याकाळी चक्कर माराले मले हाक नाई आली."

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, रेल्वे स्टेशनच्या बाकावर. रोज संध्याकाळी आम्ही तिथे गाड्या बघायला जाऊन बसायचो. त्या दिवशी एक मालगाडी गेली, मग दुसरी गेली. न बोलणं मला जमतं, म्हणूनच बहुधा त्यांनी मला सांगितलं असेल.

आता नाक धुण्याचं सांगतो. जिनिंगच्या अंगणात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा हौद होता. पाळी सुटली की रेच्यावरची माणसं आधी गुळाचा खडा तोंडात टाकायची, घसा साफ व्हावा म्हणून, आणि मग हौदावर जायची. ओंजळीत पाणी घ्यायचं, एक नाकपुडी दाबायची, दुसरीतून पाणी घशापर्यंत ओढायचं आणि थुंकायचं. पांढरे गोळे पडायचे. नवा माणूस पहिल्या दिवशी ठसकायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा, आणि सगळे हसायचे. ज्या दिवशी तो न ठसकता पाणी ओढील त्या दिवसापासून तो रेच्यावरचा. ही तिथली रीत होती, आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्या पाण्यानेच त्यांच्या छात्या शाबूत राहिल्या असतील.

जिनिंग बंद झाली. त्या जागेवर आता लग्नाचं लॉन आहे. हौद गेला, कडुनिंब राहिला आहे, त्याला लग्नसराईत दिव्यांच्या माळा गुंडाळतात. पण मोतीरामभाऊंचं नाक धुणं सुटलं नाही. रोज सकाळी अंगणातल्या नळावर ते ओंजळीने पाणी ओढत आणि मग असं शिंकरत की चिमण्या उडून जात. माझी पत्नी आशा गेल्यापासून मी एकटाच राहतो. मला घड्याळाची गरज नव्हती. भिंतीपलीकडे मोतीरामभाऊंनी नाक शिंकरलं की मी उठून दूध तापवायचो आणि चहा ठेवायचो.

एका हिवाळ्यात मला सर्दी हटत नव्हती. त्यांनी मला भिंतीजवळ बोलावून रीत शिकवली. मी पाणी ओढलं आणि असा ठसकलो की खाली बसलो.

"राहू द्या मास्तर," ते हसत म्हणाले. "तुमाले रेच्यावर कोनी ठेवलं नसतं."

"मी पोस्टातच बरा होतो."

"अन् बोलनं पाहा कसं गोड. ठसकले तरी गोड. बीबीची मानसं अशीच." मी मूळ लोणार तालुक्यातल्या बीबीचा. आमचं बोलणं जालन्याकडचं, म्हणून ते मला नेहमी चिडवत.

सोजराबाई, त्यांची पत्नी, रोज दुपारी त्यांची परीक्षा घ्यायच्या. दारासमोरच्या ओट्यावर त्यांना डोळे मिटून बसवायचं आणि नाकाखाली काहीतरी धरायचं. कधी कापूर, कधी हिंग, कधी ओवा. मोतीरामभाऊ नापास व्हायचे, पण कबूल करायचे नाहीत.

"कांदा," एकदा ते ठामपणे म्हणाले.

"बरोबर," सोजराबाई म्हणाल्या. "वास आला?"

"नाई. डोये झोंबले."

"मंग ते डोयाचे मार्क. नाकाचे नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबीच्या झाकणाच्या आवाजावरून हिंग ओळखला. सोजराबाईंनी त्यानंतर झाकणं आधीच काढून ठेवायला सुरुवात केली. असं ते वर्षानुवर्षं चाललं. मी भिंतीपलीकडे वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळात मी पान उलटत नसे.

करोनाच्या साथीत गावातल्या अर्ध्या लोकांचा वास गेला. मोतीरामभाऊ सोडून सगळे घाबरले होते. ते मात्र ओट्यावर बसून म्हणाले, "या, या. मी कवाचा एकटा होतो." मग लोकांचे वास परत आले. ते पुन्हा एकटे राहिले, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा मनापासून वाटलं की गेलेला वास परत येऊ शकतो. त्यांचा मुलगा हरिओम मलकापूरला मोटार दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या मागे लागून ते खामगावला नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आत दिवा लावून पाहिलं आणि फार आशा धरू नका असं सांगितलं. पण नाक धुण्याची सवय चांगली आहे, ती सोडू नका, म्हणाले. फक्त पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं.

आशा धरू नका, एवढं वाक्य मोतीरामभाऊंनी खामगावच्या बसस्टँडवरच टाकून दिलं असावं. घरी आले ते सवय चांगली आहे एवढंच घेऊन. त्या हिवाळ्यात सोजराबाई रोज पातेलीत पाणी उकळून द्यायच्या आणि ते कोमट होईपर्यंत मोतीरामभाऊ ओट्यावर अधीर होऊन बसायचे.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. त्या वर्षी नळाला पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येत होतं. त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर काळी प्लास्टिकची टाकी होती. पाणी आलं की भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायची, अंगणातल्या नळालाही तिचंच पाणी यायचं. तिचं झाकण तडकलेलं होतं. तळाशी गाळ साचलेला असायचा, तो सगळ्यांच्याच टाकीत असतो, माझ्याही होता. दुपारी त्या टाकीचं पाणी हाताला पोळायचं आणि सकाळीही ते कोमट यायचं.

एका सकाळी भिंतीपलीकडे त्यांचा वाद ऐकू आला.

"डाक्तरनं उकळा म्हनलं होतं," सोजराबाई सांगत होत्या.

"उकळून मंग काय करा लागते?"

"कोमट."

"हे पाह्य. हात लाव. कोमट हाये का नाई?"

"हाये."

"मंग सूर्यानं फुकट तापवून देल्लं. तू काऊन गॅस जाळतं?"

पातेली परत जागेवर ठेवल्याचा आवाज आला. मला ते ऐकून हसू आलं होतं. ऊन इतकं कडक होतं की त्या उन्हाने तापलेल्या पाण्यात काही जिवंत राहत असेल, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढे वैशाखात एका सकाळी मोतीरामभाऊंचं शिंकरणं ऐकू आलं नाही. मी चहा ठेवला नाही, वाट पाहिली. मग भिंतीशी गेलो. सोजराबाई म्हणाल्या, डोकं दुखतं आहे, अंग तापलं आहे, ऊन लागलं असेल. आमच्याकडे त्या दिवसांत डोकं आणि ताप म्हटलं की ऊनच लागलेलं असतं. त्यांनी कांदा ठेचून तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं दिलं. ते पोटात ठरलं नाही. मीही ऊनच समजलो. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावली, त्यांनाही ऊनच वाटलं. वैशाखात दुसरं काय वाटणार?

मग त्यांची मान ताठ झाली आणि ते कोणाशीतरी बोलू लागले. हरिओमने गाडी आणली. मीही बसलो. मला कोणी या म्हटलं नव्हतं, पण सोजराबाईंनी सरकून जागा केली.

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्या पाठीतून पाणी काढून तपासायला नेलं. मोतीरामभाऊ तेव्हा आमच्यात नव्हते, ते जिनिंगमध्ये होते. "महादेवराव, ढीग उपसा," ते म्हणत होते. "आत हाये. आत सरकून राह्यली." सोजराबाई त्यांचा हात धरून सांगत होत्या की उपसला, सगळा ढीग उपसला, आग इझली. ते क्षणभर गप्प व्हायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी हरिओमला विचारलं, "वडील विहिरीत, तलावात कुठे पोहायला गेले होते का? नाकात पाणी गेलं होतं का?"

हरिओम म्हणाला, "नाही मॅडम. आमच्याकडं पोहायले पानी कुठी हाये?"

मग तो थांबला. त्यालाही कळलं असावं. बापाला त्याने लहानपणापासून नळावर पाहिलं होतं. त्याने सगळं सांगितलं, हौदापासून टाकीपर्यंत. डॉक्टरीणबाई ते कागदावर लिहून घेत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "आजारी पडायच्या आधी वासाचं काही म्हणाले होते का? वेगळा वास, घाण वास, जळल्याचा वास?"

"त्यायले वासच येत नाही," हरिओम म्हणाला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. परक्या माणसाने मध्ये बोलावं की नाही, हे मला अशा वेळी कधीच ठरवता येत नाही. पण मी बोललो. "आदल्या संध्याकाळी म्हणाले होते," मी म्हणालो. "करपल्याचा वास येतो म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि समजेल असं सांगितलं. साचलेल्या, कोमट पाण्यात, गाळात एक अमिबा राहतो. आपण शाळेत चित्र काढतो त्याच्यासारखाच, डोळ्यांनी न दिसणारा. त्याला माणूस लागत नाही, तो आपला आपला जगत असतो. पाणी प्यायल्याने तो काही करत नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण नाकात वर ओढल्या गेलेल्या पाण्यातून तो, क्वचित कोणाच्या बाबतीत, वासाच्या नसेला लागतो आणि तिच्यातून वर मेंदूत जातो. म्हणून कधी कधी सगळ्यात आधी वास बिघडतो. पाठीतल्या पाण्यात त्यांना तो हलताना दिसला होता. औषधं सुरू केली आहेत, एक औषध नागपुराहून मागवलं आहे. वाचलेली माणसं आहेत, पण फार थोडी.

"इतके वर्स काही झालं नाही," हरिओम म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना कधीच होत नाही."

एवढं सांगून त्या पुन्हा आत गेल्या.

नागपूरचं औषध आलं. मोतीरामभाऊ त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

गावात आधी भीती पसरली. काही लोक माझ्याशीही रस्त्याच्या पलीकडून बोलू लागले. मग नगरपालिकेची माणसं आली, औषध टाकून गेली, सगळ्या गल्लीने टाक्या रिकाम्या करून घासल्या. मीही माझी घासून घेतली. हरिओमने नवं झाकण आणलं. पाणी पिण्यात धोका नाही, नाकात ओढायचं असेल तर उकळूनच, हे मी चार-पाच घरी जाऊन सांगितलं. माझ्यासारख्याला ते सोपं नव्हतं, पण त्या घरांतून अजून कोणी कोणी जिनिंगमधली जुनी माणसं होती आणि त्यांची सवयही तीच होती.

सोजराबाई आता सगळं पाणी उकळतात. प्यायचं तर उकळतातच, तुळशीला घालायचं पाणीही उकळून, गार करून घालतात. त्याची गरज नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

सकाळी भिंतीपलीकडे शांतता असते. चिमण्या नळावर बसून राहतात. माझ्या चहाला आता उशीर होतो.

परवा दुपारी सोजराबाई ओट्यावर हिंगाची डबी घेऊन बसलेल्या दिसल्या. झाकण काढलेलं होतं. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या संध्याकाळी तुमच्याकडं काई करपलं नव्हतं न?"

"नाही वहिनी."

"मले माईत होतं." त्यांनी डबीला झाकण लावलं. "दूध तं तुमच्याकडं सकाळीच तापते."

"मग तेव्हा बोलला नाहीत."

"तुमी कुठी बोलले?" त्या म्हणाल्या. "त्यायचं तोंड पाह्यलं अन् मंग कोन बोलते?"

ती संध्याकाळ अशी होती. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. स्टेशनवर जायची वेळ झाली होती, पण ऊन उतरलं नव्हतं आणि भिंत अजून तापलेली होती. मोतीरामभाऊ टोपी घालून घरातून बाहेर आले आणि भिंतीशी येऊन मान वर करून थांबले. ढिगांच्या मधून चालताना ते असेच थांबत असतील, असं माझ्या मनात आलं.

"मास्तर, तुमच्याकडं काई जळून राह्यलं काय?"

मी हवा ओढून पाहिली. तापलेल्या धुळीशिवाय कसलाही वास नव्हता. माझ्या गॅसवर सकाळपासून काही चढलं नव्हतं.

"जळल्यासारखं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"करपल्यासारखं. कडू." ते अगदी हळू बोलत होते, मोठ्याने बोललं तर वास निघून जाईल अशा बेताने. त्यांना एवढं हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "तुमच्याच बाजूनं येऊन राह्यला."

ओट्यावर सोजराबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दूध ठेवलं होतं," मी म्हणालो. "विसरलो वाटतं."

मोतीरामभाऊंनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा लांब श्वास घेतला. मग बायकोकडे वळले. "ऐकलं काय, हरिओमची माय? मास्तरचं दूध करपलं अन् मले इथं समजलं."

"ऐकलं," सोजराबाई म्हणाल्या. "कांद्यासारखं नाई न?"

"डोये मिटून हाये मी, पाह्य."

"मंग पास," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

मोतीरामभाऊ भिंतीला दोन्ही हात टेकून हसत उभे राहिले. मग मी अजून खुर्चीतच आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"बसून काय राह्यले मास्तर?" ते म्हणाले. "उठा न. गॅस बंद करा पह्यले."

"करतो," मी म्हणालो.